फुगलेला ओटा

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

ओट्यावर बोलणार आहे असं घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. धाकटा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ऑक्सिजनवर बोल, फार तर ओझोनवर बोल. ओट्यावर काय बोलतेस?" पण गेल्या पावसाळ्यात त्या ओट्यानं मला जे शिकवलं, ते मला एकतीस वर्षांत वर्गात शिकवता आलं नव्हतं. म्हणून आज ओट्यावरच बोलते.

आपल्याकडे ओटा म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे घरापुढचा, संध्याकाळी गप्पा मारत बसायचा ओटा येतो. मी बोलतेय तो स्वयंपाकघरातला. परभणीच्या जुन्या वस्तीतल्या बहुतेक घरांत हा ओटा दगडाचा असतो. कुणाकडे शहाबादी, कुणाकडे काळा कडाप्पा, अलीकडे ग्रॅनाइट. आमचं घर किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ साली बांधलं. गवंड्यानं त्याच्या मापानं कडाप्प्याचा ओटा घालून दिला आणि तो निघून गेल्यावर आमच्या लक्षात आलं, की आत्याबाईंचे हात त्या उंचीवर नीट पोचतच नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गंगाखेड तालुक्यातल्या गावी त्यांनी जन्मभर चुलीसमोर बसून स्वयंपाक केलेला. उंची जेमतेम चार फूट नऊ इंच. गुडघ्यांनी बसणं सोडायला लावलं आणि उभ्यानं भाकरी थापायची तर ओटा छातीशी यायला लागला.

मग ह्यांनी सुताराकडून खिडकीखाली, दगडी ओट्याला लागूनच, लाकडी ओटा करून घेतला. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, जमिनीपासून अठ्ठावीस इंच. वर एकोणीस मिलिमीटरचा प्लायवूड आणि त्यावर पांढरा, बारीक निळ्या रेघांचा सनमायका. आसपासच्या बाया तो बघायला आल्या होत्या. दगडाला हळदीचे डाग पडतात, याला एका फडक्यानं पुसलं की झालं, याचंच सगळ्यांना अप्रूप.

या सनमायक्याबद्दल थोडं सांगते, कारण दुरुस्तीचं सगळं मर्म त्यातच आहे. सनमायका हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण डालड्यासारखं ते सगळ्या जातीला पडलं. त्यात 'मायका' आहे तो हिंदीतला माहेर नव्हे, अभ्रक. आणि गंमत म्हणजे त्या पत्र्यात अभ्रकाचा कणही नसतो. १९१२ साली अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर हे वेस्टिंगहाउस कंपनीतले दोन इंजिनिअर विजेच्या यंत्रांत वापरायच्या अभ्रकाला पर्याय शोधत होते. अभ्रकाऐवजी, म्हणजे 'फॉर मायका', म्हणून त्या वस्तूचं नाव फॉर्मायका पडलं. स्वयंपाकघराशी तिचा काही संबंध नव्हता. वरचा थर मेलामाइनचा करण्याची युक्ती १९३०च्या दशकात आली, तेव्हा ती टेबलांवर आणि ओट्यांवर चढली.

मग त्या पत्र्यात असतं काय? कागद! आपण शाळेच्या वह्या-पुस्तकांना जे खाकी कव्हर घालतो, साधारण त्या जातीच्या कागदाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवतात, त्यावर एक नक्षीचा कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून ठेवतात आणि हे सगळं गरम करून प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. जाडी साधारण एक मिलिमीटर. वरून पाणी ओता, तेल सांडा, त्याला काही होत नाही. पण तो उभा राहतो दुसऱ्याच्या जिवावर. खालचा प्लायवूड आणि मधला गोंद शाबूत, तोवर तो शाबूत. आणि पाणी वरून जात नाही, ते कडेनं जातं.

गेल्या वर्षी आषाढात आमचा ओटा फुगला. आधी कोपऱ्याजवळची कड नखभर उचलली. दाबली की बसायची, सोडली की पुन्हा वर. मग पंधरा दिवसांत वीतभर पट्टा सुटला. वरून चालताना हाताला लाटेसारखं जाणवायला लागलं. दाबलं की 'टक्' असा आवाज.

हा आवाज आत्याबाईंना आमच्याआधी ऐकू आला असणार. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. काचबिंदूनं उजवा डोळा गेलेला, डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तरी त्यांचा सकाळचा स्वयंपाक सुटलेला नाही, कारण तो ओटा त्यांच्या हाताला पाठ आहे. खिडकीच्या चौकटीपासून दोन वितींवर मिठाची बरणी. तिच्या पलीकडे पिठाचा डबा. काठवट डाव्या हाताच्या कोपराला लागेल अशी. आम्ही कुणी बरणी बोटभर सरकवली तरी त्या म्हणतात, "कोण आलं होतं गं माझ्या वट्याकडं?"

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्या ओट्यावरचं ज्वारीचं पीठ हातानं गोळा करत होत्या आणि सुटलेली कड तळहातात घुसली. सनमायक्याची कड पात्यासारखी असते. बरंच रक्त आलं. टाके पडले नाहीत, पण पंधरा दिवस हाताला पट्टी.

घरात मग पंचायत बसली. मुलगा पुण्याहून फोनवर, सून व्हिडिओवर, हे खुर्चीत. मुलाचं निदान तयार होतं: आजी रोज काठवट आपटून भाकरी थापते, तीस वर्षं ते धक्के बसलेत, त्यानंच तो पत्रा सुटला. मला ते पटलं. ह्यांनाही पटलं. मुलानं एका दुकानाचा भावही काढला. जुना ओटा काढून सलग ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, वर कपाटं, मिळून एक लाख चाळीस हजार. उंची सगळीकडे सारखी, चौतीस इंच. "आजीनं आता स्वयंपाक करूच नये," असं तो प्रेमानंच म्हणाला. आत्याबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "थापणं बंद करते मी." आणि खरंच केलं. हाताची पट्टी सुटली तरी त्या ओट्याशी गेल्या नाहीत. मी पोळ्या करायला लागले. त्या अर्धी पोळी खाऊन उठायच्या.

ग्रॅनाइटची ऑर्डर देण्याआधी जुनं लाकूड कुणाच्या उपयोगी पडेल का, एवढंच विचारायला मी ओळखीच्या एका सुताराला बोलावलं. सत्तरीचे, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडील आणि आजोबाही सुतारच. चाचांनी ओट्याकडे नुसतं बघितलं, खिशातून रुपया काढला आणि त्याच्या कडेनं ओट्यावर टकटक करत सुटले. आपण कलिंगड वाजवून बघतो तसं. चिकटलेल्या जागी आवाज भरीव, सुटलेल्या जागी पोकळ. जिथं आवाज बदलला तिथं ते पेन्सिलीनं खूण करत गेले आणि मग सगळ्या खुणा एका रेघेनं जोडल्या.

ती रेघ बघून मी गप्प झाले. नकाशात धरणाचं पाणी पसरलेलं दाखवतात तसा तो आकार दिसत होता. आणि त्याचं मूळ काठवटीखाली नव्हतं. काठवटीची जागा चांगली भरीव वाजत होती, अगदी नव्यासारखी. पोकळी सुरू होत होती उलट्या टोकाला, दगडी ओट्याच्या सांध्यापाशी. तिथं माझा माठ होता.

"बाई," चाचा म्हणाले, "भाकरी तो ऊपर से मारती. ये तो नीचे से उखड्या. पानी कहाँ से आ रा, वो देखो."

तो माठ तिथं मीच ठेवला होता, तीन वर्षांपूर्वी, येता-जाता हाताशी पाणी असावं म्हणून. परभणीच्या उन्हाळ्यात माठ कसा पाझरतो हे वेगळं सांगायला नको. तो पाझरतो म्हणूनच आतलं पाणी गार होतं, हे मी आठवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवलंय. बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. पण पावसाळ्यात हवा दमट असते, वाफ होत नाही, ते पाणी बुडाशी साठतं. खालची ताटली भरली की सांध्यात. सांध्यातून प्लायवूडच्या उघड्या कडेत. धड्यातला तो भाग मी फळ्यापुरताच ठेवला होता.

मी चाचांना विचारलं, फेविकॉल इतका मजबूत म्हणतात, डब्यावर दोन हत्ती एकमेकांच्या विरुद्ध ओढताना दाखवतात, मग तो सुटलाच कसा? ते हसले. त्यांच्या लहानपणी घरात सरस शिजायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाच्या वड्या पाण्यात भिजवून, दुहेरी भांड्यात गरम करून, गरम असतानाच लावायच्या. त्या वासानं जेवण जायचं नाही म्हणे. १९५९ साली पांढरा फेविकॉल आला आणि हळूहळू सुतारांच्या घरातलं ते भांडं उतरलं. सरसाला पाणी लागलं की तो परत विरघळायचा. नव्या गोंदाला तेवढं होत नाही, पण सतत ओल राहिली तर तोही पांढरट, रबरासारखा मऊ होतो. शिवाय ओल प्लायवूडमध्ये शिरते, लाकूड फुगतं, वरचा पत्रा तितका फुगत नाही. मग दोघांत ओढाताण सुरू होते.

आणि हत्तींचं म्हणाल, तर ते सरळ ओढतात. सरळ ओढलं तर सगळा गोंद एकाच वेळी झुंजतो. पाणी तसं ओढत नाही. ते एक कड उचलतं, मग सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. पाकिटावरचं तिकीट सरळ ओढून निघत नाही, पण एक कोपरा नखानं उचलला की सरसर निघतं. सुटलेली कड आज नखभर असेल तर आजच बसवायची, ती स्वतःहून थांबत नाही.

"बनेगा क्या?" मी विचारलं. चाचांनी पेचकसाचं टोक सुटलेल्या पत्र्याखालून प्लायवूडमध्ये दाबून पाहिलं. आत गेलं नाही. दुरुस्ती करायची की नाही हे इथं ठरतं. लाकूड भुसभुशीत झालं असेल, पापुद्रे सुटत असतील, तर वर कितीही गोंद घाला, तो सुटणाऱ्या पापुद्र्यालाच चिकटेल. भुशाच्या दाबलेल्या फळ्या येतात, पार्टिकल बोर्ड, त्या एकदा फुगल्या की पूर्ववत होत नाहीत. तिथं पैसे घालू नयेत. आमच्या ह्यांनी १९९४ साली भांडून चांगला प्लायवूड घेतला होता, तो उपयोगी पडला. प्लायवूड घेताना त्यावरचे शिक्के बघा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. पाण्याच्या जागी बीडब्ल्यूपी दर्जाचा, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेला घ्यावा. दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफच म्हणतो.

चाचांनी सांगितलेली मजुरी एका दिवसाची होती, पण काम सहा दिवस चाललं. त्यातले साडेचार दिवस नुसतं वाळवण्यात गेले, आणि तेच मला सगळ्यांत अवघड गेलं. आपल्याला गोंद लावायची घाई असते. ओल्या लाकडावर गोंद लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

आधी माठ हलवला. मग सुटलेला पत्रा थोडा आणखी उचलायचा होता. थंड सनमायका वाकवला तर कडकन तुटतो. म्हणून वर दुपदरी सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवली. पत्रा जरा नरमला, खालचा अर्धवट धरलेला गोंदही सैल झाला. हेअर ड्रायरनंही होतं. मग आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकेक करून आत सरकवल्या, म्हणजे तोंड उघडं राहतं. हात कुठं थांबवायचा ते पेन्सिलीच्या रेघेनं सांगितलं. रेघेपलीकडे ओढायचं नाही, तिथला गोंद चांगला आहे.

आत जे निघालं ते सांगण्यासारखं नाही. जुना गोंद, पिठाचा लगदा, मुंग्या, काळी बुरशी. पातळ पट्टीनं आणि घासकागदानं दोन्ही बाजू खरवडल्या. जुन्या गोंदाचे गोळे राहिले तर नवा थर कितीही दाबला तरी उंचवटा राहतो. मग टेबलफॅन लावला. फटीत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या आणि सकाळ-संध्याकाळ बदलल्या. पहिल्या दिवशीच्या घड्या ओल्या निघाल्या, तिसऱ्या दिवशीच्या दमट. चौथ्या रात्री उघड्या प्लायवूडवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं नाही, तेव्हा चाचा म्हणाले, "अब बोलो."

मधल्या एका संध्याकाळी आत्याबाई तिथं येऊन उभ्या राहिल्या. पंखा कशाला लावलाय, विचारलं. मी सांगितलं, माठाचं पाणी मुरलं होतं आत्याबाई, भाकरीचा काही दोष नाही. त्यांनी हात लांबवून सांध्यावर फिरवला.

"ओल लागायली होती मला हाताला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पदरानं पुसायले मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझा माठ होता माय. तू शाळेतून दमून यायचीस, तवाची सवय. पाणी हाताशी लागतं तुला."

मला निवृत्त होऊन चार वर्षं झालीत. म्हणजे माठ तिथं ठेवला तेव्हाही मी घरीच होते. हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही. आज इथं सांगते.

आता गोंदाचं. बाजारात ढोबळ दोन जाती आहेत. पांढरा, पाण्यात कालवलेला. तो एका बाजूला लावायचा आणि दिवसभर वजनाखाली ठेवायचा. त्यातलं पाणी लाकूड पितं तेव्हा तो घट्ट होतो. नवीन काम आडवं ठेवून करायचं असेल तर उत्तम. दुसरा रबराचा, तपकिरी-पिवळसर, उग्र वासाचा. तो दोन्ही बाजूंना पातळ लावतात आणि लगेच चिकटवत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं थांबतात. बोट लावलं तर बोटाला गोंद येता कामा नये, नुसतं चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे. मग दोन्ही एकमेकांवर टेकवले की जागच्या जागी पकडतात. सरकवायला दुसरी संधी नाही. आमच्यासारख्या, एका बाजूनं अजून चिकटलेल्या पत्र्याला चाचांनी हा दुसरा निवडला, कारण आत खोलवर हवा लागत नाही, तिथं पांढरा गोंद वाळायला फार वेळ घेतो. पावसाळी दिवस होता म्हणून ते जरा जास्त थांबले. मे महिन्यात हाच गोंद ब्रश फिरेपर्यंत वाळून जातो, तेव्हा हे काम सकाळी लवकर करावं.

एक गोष्ट मात्र कुणी विसरू नये. या रबरी गोंदाच्या आणि थिनरच्या वाफा पेट घेतात. त्या जड असतात, जमिनीलगत पसरतात. गॅसची शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी. आपल्याकडे स्वयंपाकघरात देवघरही असतं. आमचं आहे. चाचांनी डबा उघडण्याआधी स्वतःहून विचारलं, "बाई, भगवान का दिया है क्या अंदर?" मी समई उचलून तुळशीपाशी नेऊन ठेवली. त्या दिवशी सांजवातही अंगणातच लागली.

गोंद लावून झाल्यावर त्यांनी काड्या एकेक करून काढल्या, आतल्या बाजूच्या आधी, कडेच्या शेवटी. म्हणजे हवा कडेकडे निघून जाते, मध्ये फुगा अडकत नाही. मग माझं लाटणं मागितलं. पोळी लाटावी तसं आतून बाहेर, सगळं वजन देऊन फिरवलं. वर वर्तमानपत्र, त्यावर सपाट फळी, फळीवर पाटा आणि पाट्यावर ज्वारीचं अर्धं पोतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे दर तासाला जाऊन बघत होते, पण ते त्यांचं नेहमीचंच आहे.

चिकटवणं झालं म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. चाचांच्या मते खरं काम तिथून पुढे होतं. प्लायवूडच्या उघड्या कडांना त्यांनी तेलरंगाचे दोन हात दिले. खालच्या बाजूनंही दिले, जिथं कुणी बघत नाही. पुढे सागाची पट्टी खिळे न मारता गोंदानं बसवली आणि तिच्या धारा घासून गोल केल्या, हात फिरला तरी लागू नये म्हणून. दगडी ओट्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉनची पेस्ट भरली. तिथं पांढरं सिमेंट भरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, त्याला वर्षात तडा जातो आणि त्या तडेतून पुन्हा पाणी. परभणीत मे महिन्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि थंडीत काही पहाटे पाचाच्या खाली उतरतो. इतकं सोसणाऱ्या सांध्याला लवचीकच काहीतरी हवं.

सगळा खर्च दोन हजारांच्या आत आला. गोंदाचा डबा, सिलिकॉनची नळी, रंग, सागाची पट्टी आणि चाचांची मजुरी. मजुरी त्यांनी एकाच दिवसाची घेतली. मी जास्त द्यायला गेले तर म्हणाले, बाकीचे दिवस पंख्यानं काम केलं, त्याला द्या. मुलानं फोनवर विचारलं, "पण आई, किती दिवस टिकेल?" मी तोच प्रश्न चाचांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. माठ कुठं ठेवलाय ते विचारलं होतं.

आता तो पडवीत, तिकाटण्यावर असतो. पाणी प्यायला मला आठ पावलं जास्त चालावी लागतात. गरम पातेलं थेट सनमायक्यावर ठेवणंही आम्ही बंद केलं. पत्रा क्षणभर उष्णता सोसतो, पण खालचा रबरी गोंद त्याआधीच मऊ पडतो. शेगडीवरून उतरलेलं काहीही दगडी ओट्यावर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी रुपया घेऊन पूर्ण ओटा वाजवते. शेजारणीला वाटतं माझं काहीतरी बिघडलंय.

पोत्याखालून ओटा मोकळा केला त्या सकाळी आत्याबाईंना हाताला धरून मी तिथं नेलं. त्यांनी खिडकीच्या चौकटीपासून सुरुवात केली. दोन विती मोजल्या, बरणीची जागा, डब्याची जागा, मग पुढची नवी पट्टी, तिची गोल धार. सांध्यापाशी त्यांचा हात थांबला. तिथं रुपयाएवढा एक उंचवटा राहिला आहे. जुना गोंदाचा खडा खरवडायचा राहिला असणार. चाचा म्हणाले होते, काढतो, पुन्हा उघडावं लागेल. मी विचारलं, "काढू का आत्याबाई?"

"राहू दे," त्या म्हणाल्या, "तेलाची वाटी ठेवीन तिथं. सापडंल मला."

मग त्यांनी काठवट मागितली.